परग्रहवाल्यांच्या ढिगातली वही

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या काकांनी आयुष्यभर विज्ञानकथा लिहिल्या, पण एकही छापायला दिली नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी संपली, मुलगी लग्न होऊन गेली, तरी वह्या भरतच राहिल्या. ते गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीचा मला फोन आला.

"बाबाचे वह्या बुद्धविहाराच्या लायब्ररीला द्यायचंय. लायब्ररीवाले म्हणतात, आधी सॉर्ट करा. मला मराठी वाचता येत नाही ना. तू येशील?"

बेसिंगस्टोकला डेटाबेस सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला वर्गीकरणाचं आमंत्रण पुरे होतं. शनिवारी ट्रेन बदलत गेले. काकूंनी दार उघडलं, "जयभीम, ये," म्हणाल्या आणि तशाच किचनमध्ये परतल्या. वह्यांच्या खोलीत आल्या नाहीत.

कार्पेटवर आम्ही चिठ्ठ्या मांडल्या: अंतराळप्रवास, काळप्रवास, यंत्रमानव, परग्रहवाले, उद्याचं जग. मी पानं चाळून गोष्ट सांगायची, ती ढीग लावायची. मंगळावरच्या यंत्रमानवावरून वाद झाला; मी म्हणत होते, अंतराळप्रवास. "पण तो मोस्टली भांडीच घासतो," ती म्हणाली, "मग रोबॉटच!" आम्ही खूप हसलो.

हिवाळा होता, साडेतीनलाच अंधारून आलं. दिवा लावून मी निळ्या पुठ्ठ्याची वही उघडली. एका माणसाच्या बायकोच्या जागी दुसऱ्या ग्रहावरून कुणीतरी आलंय, हुबेहूब तिच्यासारखं. मी ती परग्रहवाल्यांत ठेवायला सांगितली, पण हातातून सोडवेना. 'हिचा तीळ उजव्या गालावर आहे,' काकांनी लिहिलं होतं. 'तिचा डावीकडे होता.'

खाली पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात: 'उजवीकडेच होता. लग्नाचा फोटो बघा.'

पान उलटलं. 'त्या बाईला माझी वही सापडली आहे.'

खाली पुन्हा पेन्सिल: 'गोळी घेतली नाहीत. पाण्याशेजारी ठेवली आहे.'

पुढे पानामागून पान तसंच होतं. शाईतली भीती आणि तिच्याखाली पेन्सिलीतलं उत्तर.

"काय झालं? परग्रहवाल्यांतच ना?" मुलीने विचारलं. मी वही मिटली.

"ती द्यायची नाही," काकू दारातून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या, आम्हाला कळलंच नव्हतं.

"मम्मी, काय आहे त्यात?"

काकू खुर्चीत टेकल्या. "शेवटचं वर्ष आहे तुझ्या बाबांचं. तुझ्याशी फोनवर नीट बोलायचे, म्हणून सांगितलं नाही. मला मात्र 'अहो बाई' म्हणायचे. रोज विचारायचे, तुमचं यान कधी येणार?"

"मग तू काय सांगायची?"

"आधी मी रडायचे. मग म्हणायला लागले, मंगळवारी येणार. मंगळवारपर्यंत ते शांत असायचे." त्यांनी माझ्या हातातून वही घेतली. "एका मंगळवारी मी खरंच पिशवी भरली. दोन साड्या, स्वेटर. मागच्या बागेत जाऊन वर बघत उभी राहिले. वर्षभर ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं गं, की असेन मी तशी. न्यायला कुणी येईल."

मुलगी आईच्या खुर्चीजवळ सरकली.

"मग?" मीच विचारलं.

"मग हे दारात आले. म्हणाले, अहो बाई, आत या, गारठा आहे. आज नाही आलं तर पुढच्या मंगळवारी येईल."

बाकीच्या वह्या चिठ्ठ्यांसकट लायब्ररीत गेल्या. निळी काकूंनी ठेवून घेतली. त्या दिवशी मुलगी आईजवळच राहिली. मी संध्याकाळची ट्रेन पकडली आणि समोर बसलेल्या अनोळखी बाईकडे इतका वेळ बघत राहिले, की तिने जागा बदलली.