दार नसलेलं फाटक

पोलिसाच्या नोकरीत विसरायला शिकावं लागतं, नाहीतर घरी गेल्यावर घास घशाखाली उतरत नाही. मीही पुष्कळ विसरलो. खून विसरलो, दरोडे विसरलो, कोर्टात उलटलेले साक्षीदारही विसरलो. एक घटना मात्र आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. तिच्यात रक्त नव्हतं, हत्यार नव्हतं, आणि जे शोधायला आम्ही गेलो होतो ते कुलूपसुद्धा नव्हतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं अजून आहेत आणि आपापल्या जागी सुखानं आहेत.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो, महाबळेश्वरच्या बाजूच्या एका लहान ठाण्याचा प्रभारी. थंडीत तिथलं निम्मं काम पर्यटकांचं. हरवलेले मोबाइल, गाडी लावण्यावरून मारामाऱ्या, घोडेवाल्यांशी हुज्जत. अशाच एका सकाळी ओळखीचा एक टॅक्सीवाला आला आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"सायेब, गुन्हा हाय का न्हाई ते मला कळत न्हाई. पर सांगितल्याबिगर चैन पडंना."

त्याच्या रोजच्या रस्त्यावर स्ट्रॉबेरीचा एक मोठा मळा होता. फाटक म्हणजे नुसते दोन दगडी खांब, मध्ये दार नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा एक बाई तिथून त्याला हात करायची आणि कपड्यांचं गाठोडं द्यायची. ते त्यानं सातारा स्टँडवर वडूजच्या गाडीच्या कंडक्टरकडं सोपवायचं. वडूजला तिची सासू ते उतरवून घ्यायची. गाठोड्यात परकर-झंपर असायचे, बाईनं आपली लुगडी फाडून लेकीसाठी शिवलेले.

"सात वर्सं झाली, तिनं पोरगी बघितली न्हाई. मला इचारती, तुमची पोर आता केवढी झाली? माझ्या पोरीच्या मापानं ती तिच्या पोरीचं शिवती, सायेब. आनी परवा गाठोडं तिच्या हातनं सुटलं. खांबाच्या भाईर पडलं, हातभर लांब. बाईनं पाऊल उचललं न्हाई. तशीच हुबी. शेवटी मीच उतरून उचललं."

सात वर्षं डांबून ठेवलेली बाई, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. गाठोड्याची गोष्ट मी या कानानं ऐकली आणि त्या कानानं सोडून दिली. स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले, कुलूप तोडायला कटावणी घेतली आणि मोठ्या तोऱ्यात मळ्यावर गेलो.

तिथं तोडायला काहीच नव्हतं. बाई आणि तिचा नवरा वाफ्यांत फळं तोडत होते. राहायची खोली उघडी होती, चूल पेटलेली होती, अंगावर मारहाणीचे वळ नव्हते. मळ्याचा मालक पन्नाशीचा, गोड बोलणारा गृहस्थ. त्यानं खुर्च्या मांडल्या, ताटलीभर स्ट्रॉबेरी पुढं केली आणि आम्ही खाल्ल्या. नवऱ्याचा जबाब घेतला तेव्हा मालक शेजारीच बसला होता. त्याला उठायला न सांगणं ही माझी मोठी चूक. माणूस मान वर न करता बोलला, "आमी आमच्या खुशीनं ऱ्हातो, सायेब. मालकानं माझा जीव वाचिवलाय."

बाई खाली मान घालून फळं तोडत राहिली.

ठाण्यात परत येऊन बसतो तोच तालुक्यातल्या एका वजनदार माणसाचा फोन. "चांगला माणूस आहे हो तो. तक्रार आहे का कुणाची? नाही ना? मग?" मी म्हणालो, "जी साहेब." या दोन शब्दांवर माझी निम्मी नोकरी चालली होती. वाघ म्हणून मिरवायचं आणि फोन वाजला की शेपूट घालायची. 'तक्रार नाही' असं लिहून कागद बंद करायला मी पेन उघडलं.

समोर माझे हवालदार बसले होते. निवृत्तीला वर्ष उरलेलं, माणदेशातल्या मेंढपाळ घरातले. ते म्हणाले, "सायेब, टॅक्सीवाल्याला परत बोलवा. ती गाठोड्याची गोष्ट मला एकदा ऐकू द्या." टॅक्सीवाल्यानं ती पुन्हा सांगितली. मग खिशातून हळदीची लहान पुडी काढून हवालदारांनी टेबलावर ठेवली. त्यांच्या घराण्यात बिरोबाचा भंडारा कायम जवळ बाळगतात.

"कुलूप घावलं, सायेब. हातभर लांबचं गाठोडं उचलाय बाई खांब वलांडत न्हाई, म्हंजी त्या दोघांनी बेलभंडार उचललाय."

आमच्याकडं बेलभंडार उचलणं म्हणजे काय, हे सातारा-सांगलीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द. तो मोडला तर वंश बुडतो अशी श्रद्धा. कोर्टात बिनदिक्कत खोटं बोलणारी माणसं भंडाऱ्यापुढं चळाचळा कापताना मी पाहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी मालक वाईला गेल्याची वेळ साधून मी आणि हवालदार पुन्हा गेलो. बाई फाटकाजवळच होती, खांबांच्या आत. हवालदारांनी सरळच विचारलं, "आक्का, भंडार उचललाय न्हवं?" बाईची मान खाली गेली आणि मग तिनं सगळं सांगितलं.

नवरा-बायको एका हंगामासाठी म्हणून वर आले होते, सात वर्षांच्या लेकीला म्हातारीजवळ ठेवून. त्या पावसाळ्यात दगडी बांध नवऱ्याच्या अंगावर ढासळला. मालकानं भर पावसात जीपमधून साताऱ्याला नेलं, दवाखाना केला, माणूस वाचवला. हे खरं होतं. बरा होऊन परत आल्यावर मालकानं दोघांच्या हातात बेलभंडार ठेवला आणि वदवून घेतलं: मालकाच्या शब्दाशिवाय या खांबांबाहेर पाऊल टाकणार नाही. तेव्हापासून दोन वेळचं जेवण आणि दिवाळीला कपडा, एवढ्यावर दोघं राबत होते. लेकीला भेटायलासुद्धा बाईनं कधी बोलावलं नाही. "ती हितं आली आस्ती तर ती बी अडाकली आस्ती."

आणि आता मालकानं हुकूम सोडला होता. लेक चौदा वर्षांची झाली, शाळा पुरे. येत्या रविवारी गाडी पाठवून तिला वर आणायची. हात वाढला की तोडणी वाढते. तिनंही भंडारा उचलायचा.

रविवारला चार दिवस होते.

कायदा माझ्या बाजूनं होता. उचल असो की उपकार, त्याच्या बदल्यात माणसाला अडकवून राबवणं म्हणजे वेठबिगारी, आणि तो गुन्हा आहे. पण दोघं 'खुशीनं राहतो' म्हणाले तर माझा कागद कोर्टात टिकणार नव्हता. म्हणून मी समजावू लागलो. "ताई, शपथ-बिपथ काही नसतं. चला बाहेर."

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी शाळेतल्या पोरासारखा खाली बघू लागलो. "आवं सायेब, तुमचा कायदा तुमच्यापाशी. द्येव माझा हाय."

मी म्हटलं, पुजाऱ्याला आणतो, तो सोडवेल.

"पुजाऱ्यानं कुठं उचलला हुता? आमी उचललाय."

एवढ्यात नवरा धावत आला आणि मळ्याच्या मुकादमानं आत जाऊन मालकाला फोन लावला. बाईनं हवालदारांपुढं हात पसरला. "दादा, भंडारा हाय तुमच्यापाशी?" त्यांनी पुडी पुढं केली. तिनं चिमूटभर कपाळाला लावला, उरलेला मुठीत धरला आणि डोळे मिटले.

"द्येवा, शबूद मी दिला हुता. मीच मोडती. ह्येचं जे काय पाप असंल ते माझ्या माथ्यावर घाल. माझ्या धन्याला लावू नगंस. लेकीला तर लावूच नगंस."

त्याच क्षणी माझ्या खिशातला फोन वाजू लागला. तालुक्यातल्या त्या वजनदार माणसाचाच असणार हे ठाऊक होतं. तो वाजून वाजून थांबला.

बाईनं पाऊल उचललं. पाऊल खांबांच्या बाहेर पडलं, मग दुसरं. ती रस्त्यावर उभी राहिली आणि जणू आता वीज पडणार म्हणून मान खाली घालून थांबली. वीज पडली नाही. एक एसटी गेली. हवालदार रडत होते.

ज्याला देवाची भीती नाही त्यानं शपथ मोडली तर त्यात नवल ते काय? हिची श्रद्धा रतीभरही कमी झाली नव्हती. शिक्षा होणार हे धरून ती बाहेर आली होती. इतकं धाडस मी वर्दीतल्या माणसातही पाहिलेलं नाही.

नवरा आत रडत उभा होता. "मालकानं जीव दिलाय आपल्याला."

"आवं, त्येचं उपकार सात वर्सं फेडलं की," ती म्हणाली. "लेक उपकारात घातली न्हवती." आणि तिनं पदराचं टोक खांबांच्या आत टाकलं. तो माणूस डोळे घट्ट मिटून, ते टोक धरून बाहेर आला.

पुढचं सगळं कागदोपत्री. जबाब, गुन्हा दाखल, मालकाला अटक, प्रांतसाहेबांकडून दोघांना मुक्ततेचा दाखला. रविवारी वडूजला गाडी गेली, पण ती आमची होती. लेक आईनं शिवलेलाच झंपर घालून उभी होती. झंपर आखूड झाला होता. टॅक्सीवाल्याची पोर बुटकी, त्याला तो तरी काय करणार!

वर्षभरात माझी बदली झाली, एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर. ती होणारच होती. खटला उभा राहिला तेव्हा मी मुद्दाम कोर्टात जाऊन बसलो. मालकाच्या वकिलानं बाईला पेचात धरलं. देवापुढची शपथ जिनं मोडली, तिच्या इथल्या शपथेवर कोर्टानं विश्वास का ठेवावा?

बाईनं मान वर करून सांगितलं, "ती शपत माझ्याकडनं घेतलेली हुती. ही मी घेतलीया." वकील खाली बसला. मालकाला शिक्षा झाली.

निवृत्तीनंतर एकदा वडूजकडं जाणं झालं, तेव्हा तिच्या घरी गेलो. दोन खोल्या, दारात चार शेरडं. लेक आता शिरवळला कंपनीत कामाला आहे, सुट्टीला आली होती, आईपेक्षा वीतभर उंच. मी विचारलं, "ताई, देवानं काही केलं का हो?"

"अजून न्हाई. वाट बघती," ती सहज म्हणाली. "यील तवा यील. मी हितंच हाय." मग चहाचा कप पुढं ठेवत म्हणाली, "सायेब, एक सांगू का? त्या दिवशी तुमचा फोन वाजला. मी तवा पाय उचलायच्या बेतात हुते आनी तुमच्याकडं बघत हुते. तुमी फोन घेतला आस्ता तर मी माघारी फिरली आस्ती."

एवढी वर्षं लोक म्हणायचे, साहेबांनी त्या दिवशी वरचा फोन घेतला नाही, काय ती हिंमत! मीही ते कधी नाकारलं नव्हतं. पण तिच्यापुढं खोटं बोलवेना. मी सांगून टाकलं, "ताई, हिंमत-बिंमत काही नव्हती. तुम्ही देवाशी बोलत होतात ना, तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले होते. फोन घ्यायला हात मोकळे नव्हते, एवढंच."

ती हसली. "मंग आता तरी सोडा की. च्या गार हुतोय."

खाली बघतो, तर माझे हात पुन्हा जोडलेले होते.