ड्युटीसाहेबांची बचावफळी

बस डेपोतल्या कुठल्या ड्रायव्हरबरोबर कुठला कंडक्टर जाणार, हे एकोणीस वर्षं एकच माणूस ठरवत होता, आणि तो माणूस कुणाला आवडावा असा मुळीच नव्हता. तोंडावर सगळे त्यांना ड्युटीसाहेब म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते लिहिण्याजोगं नाही. दर सोमवारी सकाळी ते आपल्या खिडकीच्या काचेवर ड्युटीचा चार्ट लावत. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, वरून अंगठा फिरवून सुरकुती काढलेली. एकदा चार्ट लागला की लागला. कुणाचं लग्न असो, कुणाची दाढ ठणको, बदल नाही. “आज तुझ्यासाठी हलवला तर उद्या अख्खा डेपो माझ्या दाराशी,” एवढं ऐकवून खिडकी बंद.

पण जोड्या लावाव्या त्यांनीच, हे त्यांचे वैरीसुद्धा कबूल करत. तापट ड्रायव्हरमागे थंड डोक्याचा कंडक्टर, बडबड्याबरोबर घुम्या. दोन अतिशहाणे एका गाडीत कधीच नाहीत. दोघं एकमेकांना अक्कल शिकवत बसतात आणि घंटी कुणीच मारत नाही.

डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत एक जुना संगणक होता, आणि त्यावर बर्फावरच्या हॉकीचा खेळ. स्वतः खेळायचं नाही. क्लब चालवायचा, खेळाडू विकत घ्यायचे, कुणी कुठे उभं राहायचं ते ठरवायचं. सामना संगणकच खेळून दाखवतो. खेळणाऱ्यांतलं कुणी आयुष्यात बर्फावर साधं घसरूनही पडलं नव्हतं, पण सहा जणांचे सहा क्लब होते आणि ईर्ष्या साठ जणांची. एक नियम मात्र कडक होता. हंगामाच्या शेवटी जो तळाला, त्याचा क्लब गेला. कायमचा. तो रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळायचा.

ड्युटीसाहेबांनी आपला क्लब सहा वर्षं खपून उभा केला होता. घरी त्यांना कुणी काही विचारत नसे, डेपोत ते कुणाची विचारपूस करत नसत. जीव लावायला हातात उरला होता तो हा क्लब.

बाकीचे पाच जण मोठ्या नावाचा बचावपटू दिसला की त्याच्यावर तुटून पडत. ड्युटीसाहेब नाक मुरडत. “बचाव म्हणजे माणसं नव्हेत, जोड्या,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. या खेळात मागे दोघंच उभे राहतात आणि जोड्या आळीपाळीने उतरतात. त्यांनी तीन लावल्या. पहिलीत खोंड: अंगावर धावून जाणारा, चेंडूच्या जागी असलेली चकती दिसली की जागा सोडून सुटणारा. त्याच्या जोडीला म्हातारा: छत्तीस वर्षांचा, धाव नाही, पण गोलसमोरून हलायचं नाव नाही. खोंड पुढे गेला की म्हातारा न सांगता मधोमध. एक डावखुरा, एक उजव्या हाताचा, म्हणजे दोन्ही कडा राखलेल्या. दुसऱ्या जोडीत दोन सरळमार्गी गडी, जे धक्काबुक्की करून शिक्षा ओढवून घेत नाहीत. तिसरी जोडी फक्त बाकीच्यांना दम खाता यावा म्हणून. आणि दमलेला बचावपटू माती खातो, म्हणून प्रत्येक जोडीला ठरलेल्या तारखांना पूर्ण सुट्टी. सुट्ट्यांचाही चार्ट, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, खऱ्या चार्टच्या खाली काचेवर.

सगळ्यांत कमी गोल त्यांनी खाल्ले. पण सगळं भांडवल मागच्या फळीत ओतल्यावर पुढे गोल कोण करणार, कपाळ? बरोबरीवर बरोबरी होत गेली आणि शेवटच्या आठवड्यात तळाला दोघं उरले. एक ते, दुसरा भोंगा.

भोंगा म्हणजे ड्युटीसाहेबांच्या धाकट्या मेव्हणीचा नवरा, त्यांचा साडू, त्याच डेपोत ड्रायव्हर. मुंगी आडवी गेली तरी हॉर्न वाजवी, म्हणून भोंगा. चार वर्षांपूर्वी त्याच्या मुलीला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. त्याने ड्युटी बदलून मागितली. दुसरा ड्रायव्हर जायला एका पायावर तयार होता. चार्ट लागला होता. मुलीने स्टेजवर बक्षीस घेतलं तेव्हा बाप विमानतळाच्या फेरीवर. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

शेवटचा सामना नेमका या दोघांत, शनिवारी दुपारी एकला. हरेल त्याचा क्लब जाणार. मधे संगणक दोन आठवडे बंद पडला होता, त्यामुळे सामने पुढे सरकले. काचेवरचा चार्ट मात्र जागचा हलला नाही, आणि त्याप्रमाणे शनिवारी पहिल्या जोडीला सुट्टी होती. हे भोंग्याने आधी वाचलं.

गुरुवारी तो बायकोला घेऊन तिच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे ड्युटीसाहेबांच्याच घरी, जेवायला आला. ताट समोर आल्याबरोबर त्याने सुरुवात केली.

“ताई, तुमच्या यजमानांना विचारा, खोंड आणि म्हातारा शनिवारी सुट्टीवर ना?”

“त्याला सांग,” ड्युटीसाहेब बायकोकडे बघत म्हणाले, “गाडी मागे घेताना ज्याला खांब दिसत नाही, त्याने दुसऱ्याचे चार्ट वाचू नयेत.”

“मी काय टेलिफोनची तार आहे?” थोरली कडाडली. “दोघांनाही तोंडं दिलीत देवाने. गिळा मुकाट्याने.”

“गिळतो, ताई. पण सुट्टी आहे का, तेवढं विचारा.”

“चार्ट लागला की लागला,” ड्युटीसाहेब म्हणाले.

“ऐकलंत ना ताई? साक्षीला आहात हं!”

शनिवारी पाऊण वाजता ड्युटीसाहेब संगणकासमोर बसले. भोंग्याचे दोन आघाडीवीर वाऱ्यासारखे होते. दुसऱ्या-तिसऱ्या जोडीला त्यांनी चार गोलांनी धुतलं असतं. मागे अर्धा डेपो डबे उघडून उभा. ड्युटीसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि दोन नावं सुट्टीतून काढून पहिल्या जोडीत टाकली.

“अरे, खोंड उतरला!” मागून एक कंडक्टर ओरडला. मग खोलीत कुणी घासही चावेना.

सामना बघण्यासारखा नव्हता, असे सामने नसतातच. खोंड कडेला धडका देत राहिला, म्हातारा खुंटासारखा उभा राहिला, भोंग्याच्या वाऱ्यासारख्या पोरांना गोलकीपरचं तोंडही दिसलं नाही. शेवटच्या मिनिटांत खोंडाने हिसकावलेली चकती कशीबशी पुढे गेली आणि गोल झाला. एक-शून्य. भोंग्याचा क्लब गेला. त्याने डब्याचं झाकण लावलं आणि तो निघून गेला. टाळी कुणी वाजवली नाही.

सोमवारी नवा चार्ट काचेवर चढला, आणि पाच मिनिटांत खिडकीपुढे रांग लागली. प्रत्येकाच्या हातात अर्ज.

“साहेब, बुधवारची ड्युटी बदलून हवी.”

“चार्ट लागलाय.”

“शनिवारीही लागला होता, साहेब.”

रांग खो खो हसली. मागून कुणीतरी ओरडलं, “आमची काय खोंडाएवढी लायकी नाही होय?”

ड्युटीसाहेबांनी खिडकी ओढली. ती पुरती बंद होईना, कारण फटीत भोंग्याचा पंजा होता. त्याच्या हातात अर्ज नव्हता.

“मधे ताई नकोत म्हणून इथे आलो,” तो म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा सरळ. “माझ्या पोरीच्या वेळी चार्ट बदलता आला असता?”

“आला असता.”

“मग?”

“तू विनंती केली नाहीस. साडू म्हणून हक्क गाजवत आलास, सगळ्यांसमोर. म्हणून नाही बदलला.”

 भोंग्याने फटीतला हात काढून घेतला.

“क्लब तुमच्याकडेच राहिला ते बरं झालं,” तो म्हणाला. “तुमच्याजवळ दुसरं कोण उभं राहणार?”

तो गेला. रांगेतलं हसणं विरलं, पण रांग हलली नाही. ड्युटीसाहेबांनी खिडकी पुन्हा उघडली, पहिला अर्ज ओढून घेतला आणि मान वर न करता म्हणाले, “बुधवारी तुझ्या जागी जाणारा कोण, ते नाव लिही आधी.”