पाव सूत

माझा साडू पवईला बाविसाव्या मजल्यावर राहतो आणि मी मुलुंडला तळमजल्यावर. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्याने गाडीमागे ओढायचा छोटा कॅम्पर घेतला, दोन बिछान्यांचा, मागचं दार उघडलं की ओटा असलेला, तेव्हा मात्र पोटात दुखलं. सरळ सांगतो, फार दुखलं.

कारण ते स्वप्न माझं होतं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी असाच ट्रेलर ग्राफपेपरवर काढून बायकोला दाखवला होता, मागच्या ओट्यासकट. 'समुद्रासमोर चहा करशील,' म्हणालो होतो. तो कागद अजून कपाटात आहे. आणि ज्याने जन्मात पाना हातात धरला नाही तो हा सेल्समधला माणूस, माझ्या आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला.

वर फोन मलाच. "दादा, हिच घ्यायचाय. तुम्हीच बघा ना, आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

हिच म्हणजे गाडी आणि कॅम्पर यांचा जोड. गाडीच्या मागे लोखंडी गोळा असतो, कॅम्परच्या दांड्याची वाटी त्यावर बसते. मी भांडुपच्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. माप चुकलेला माल परत पाठवणं हीच नोकरी. रिटायर झालो तरी मिलिमीटरचा अंशही मोजणारा व्हर्नियर पिशवीत असतोच. बायको चष्म्याच्या डबीबरोबर तोही आठवणीने टाकते.

वाकोल्याच्या गॅरेजात आम्ही चौघं गेलो. दोघी बहिणी लगेच कॅम्परमध्ये शिरल्या. "अगं, अगदी असाच!" बायकोचा आवाज बाहेर आला. ओट्यावरून ती हात फिरवत होती. मी तिकडे बघायचं टाळलं.

मेकॅनिकने तीन हिच समोर ठेवले. पहिल्याची पट्टी पातळ, दुसऱ्याचं वेल्डिंग कच्चं. दोन्ही मी ऐटीत बाद केले. तिसरा दणकट होता. फक्त त्याच्या गोळ्यावर कोरलं होतं ५० मिलिमीटर, आणि कॅम्परच्या वाटीवर दोन इंच.

"पन्नास म्हणजे दोन इंचच ना, बॉस," मेकॅनिक म्हणाला. "सगळ्यांना हाच लावतो."

दोन इंच म्हणजे पन्नास नाही, पन्नास पूर्णांक आठ. आमच्या कामात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, त्या हिशेबाने फरक पाव सुताचा. तेवढ्याने वाटी उद्याच निसटेल असं नाही. पण ढिली बसेल, खड्ड्याखड्ड्याला आपटेल, आणि एखाद्या दिवशी घाटात उडूनही जाईल. त्या गॅरेजात हे फक्त मला माहीत होतं.

"दादा, चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो. व्हर्नियर पिशवीतच राहू दिला. खडखड होऊ दे, अर्ध्या वाटेतून परत येऊ दे, जरा जिरू दे, असं मनात आलं. आणि लाज वाटायच्या ऐवजी बरं वाटलं. गाडी हिच बसवायला तिथेच ठेवून आम्ही घरी आलो.

संध्याकाळी मेव्हणीचा फोन आला, बायकोने स्पीकरवर टाकला. शनिवारी निघणार होते. "ताई, मला घाटाचीच धास्ती होती गं. पण हे म्हणाले, भाओजींनी पास केलंय, आता डोळे मिटून बस."

पास केलंय. तीस वर्षं मी याच शब्दाखाली सही केली होती.

सकाळी साडूला गॅरेजात बोलावलं. बायको म्हणाली, मीपण येते. मी गोळ्याला व्हर्नियर लावून आकडा दाखवला. मेकॅनिकने "च्यायला!" म्हणत दोन इंची गोळा शोधून आणला आणि बदलला.

साडूने माझा हात धरला. "वाचवलंत, दादा. पण काल नाही का लक्षात आलं?"

"काल व्हर्नियर घरी राहिला रे."

"होतं असं," तो म्हणाला. त्याला खरंच पटलं होतं.

रिक्षात भांडुपच्या सिग्नलला बायको म्हणाली, "काल व्हर्नियर मीच टाकला होता पिशवीत."

मी पिशवीची चेन लावली.

"आणि मी आत ओट्यापाशी काय सांगत होते माहितीये तिला? अगदी असाच ओटा ह्यांनी काढला होता, हा कॅम्पर यायच्या किती वर्षं आधी."