मुक्ताचा दात

“सर, आकडा परत पडलाय.”

आमच्या छाती विभागाच्या प्रमुखांनी कॉफी खाली ठेवली. हा सलग दुसरा सोमवार.

मुक्ता सात वर्षांची. परदेशात तिची दोन्ही फुप्फुसं बदलली होती. नंतर वडिलांची नोकरी बेंगळूरला आली. नव्वदच्या दशकात असा पेशंट आमच्याकडे दुसरा नव्हता. शरीर परक्या अवयवावर उलटतं, त्याला रिजेक्शन म्हणतात. मुलांमध्ये ते गुपचूप सुरू होतं. म्हणून मी, लॅबची टेक्निशियन, दर आठवड्याला तिची फुंकर मोजायचे. नळी तोंडात धरून जोरात फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा निघाली ते मशीन सांगतं.

तिकडच्या डॉक्टरांचा फॅक्स आला: भूल द्या, दुर्बीण घाला, फुप्फुसाचा तुकडा तपासा. मुक्ताच्या आईचा चेहरा पांढरा पडला.

मी म्हटलं, “सर, आधी मशीन तपासू या.”

मी फुंकलं. बरोबर. सिस्टरनं फुंकलं. बरोबर. सरांनी फुंकलं. आकडा बराच कमी आला.

“सर, तुम्ही सिगरेट...”

“मशीन बिघडलंय,” सर म्हणाले.

मशीन ठणठणीत होतं. मग मी मुक्तासमोर गुडघ्यांवर बसले. “पुट्टी,” मी कन्नडमधलं लाडाचं ‘छोटी’ वापरलं, “परत एकदा फुंक.” या वेळी मी कागदाकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. डाव्या बाजूनं ओठ सैल, तिथून हवा फुस्स.

“आ कर बघू.”

तिनं मान हलवून नकार दिला. शेवटी तोंड उघडलं. डावीकडचा वरचा दात एका धाग्यावर लोंबत होता, म्हणून ती नळी तिथं घट्ट धरत नव्हती.

“अगं, सांगितलं का नाहीस?”

“अक्का, जुनं काढून नवं बसवायचं म्हणजे इथं टाके आणि आयसीयू. मला माहितीये.” तिनं छातीकडे बोट दाखवलं.

“वेडाबाई, नवा दात आपोआप येतो.”

“कोणाचा?”

“तुझाच.”

तिनं बराच विचार केला. “मग तो रिजेक्ट नाही होणार?”

आई हसता हसता रडायला लागली.

सरांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. डेंटिस्टनं आधी अँटिबायोटिक देऊन दात काढला. दोन दिवसांनी आकडा जागेवर आला आणि दुर्बीण रद्द झाली. सरांनी फॅक्सवर कारण लिहिलं: दुधाचा दात. तिकडून उत्तर आलं, “कृपया शब्द तपासा, फॅक्समध्ये चुकून ‘दात’ असं उमटलंय.”

मी मात्र धडा घेतला. मुलांचा आकडा घसरला की पहिल्यांदा तोंडात डोकावावं. त्याला भूल लागत नाही.