बाळाप्पाचा हात आणि अण्णांचा ठोका

मी आत पाऊल टाकलं तेव्हा बाळाप्पा आ करून बसला होता आणि शेजारच्या काशाक्का त्याला शिरा भरवत होत्या. उजव्या हाताचं बँडेज कधीच सुटलं होतं. डाव्या हातानं जेवायला आपल्याकडे चालत नाही, हे मलाही मान्य. पण पाण्याचा तांब्याही काशाक्काच त्याच्या तोंडाला लावत होत्या आणि नाकावरची माशीही त्याच हाकलत होत्या. डावा हात ठणठणीत होता. तो मांडीवर आराम करत होता.

"काशाक्का, माशी तरी त्याची त्याला हाकलू द्या," मी म्हणाले.

"असू दे की बाई. भाजलेलं मानूस हाय."

भाजलेलं माणूस ही त्या गल्लीत पदवीच होती. ती एकदा मिळाली की इकडची काडी तिकडं करायची गरज राहत नसे.

मी तेव्हा बेळगावच्या एका दवाखान्यात नर्स होते. लढाईचे दिवस. दवाखाना इंग्रजी हद्दीत आणि शेजारचं शहापूर संस्थानी हद्दीत, पण भाजलेला माणूस हद्द बघून येत नाही. बाळाप्पा शहापूरच्या विणकर गल्लीतला. तिथं घरोघरी हातमाग आणि परसात चुलीवर खळीचा हंडा. खळ म्हणजे पिठाची पातळ पेज. ती सुताला लावली की सूत ताठ राहतं, विणताना तुटत नाही. पण उकळती खळ अंगावर सांडली तर पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटून बसते. बाळाप्पाच्या उजव्या हातावर ती बोटांपासून कोपरापर्यंत बसली होती.

गल्लीत पूर्वी एकदा मोठी आग लागून घरं गेली होती. तेव्हापासून तिथल्या लोकांनी जळीत मदत मंडळ काढलं होतं. भाजलेल्या माणसाच्या घरी पाळीपाळीनं जेवण पोचवायचं, पाळीपाळीनं त्याच्या मागावर बसून त्याचं अडलेलं काम पुढं न्यायचं, आणि त्याला कशालाही हात लावू द्यायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता. मला दवाखान्यातून आणायला टांगाही मंडळच पाठवायचं. इतकं चांगलं मंडळ मी पुढं उभ्या नोकरीत पाहिलं नाही. माझी अडचण नेमकी तीच होती.

जखम भरली म्हणजे काम संपलं, असं लोकांना वाटतं. खरी कटकट तिथून सुरू होते. वर येणारी नवी कातडी वाळत्या चामड्यासारखी आखडते. डॉक्टर त्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. उपाय सोपा आहे. रोज मिठाच्या कोमट पाण्यात हात बुडवायचा, तेल लावायचं आणि बोटं उघडायची, मिटायची. दुखतं. चांगलंच दुखतं, खोटं कशाला सांगू. पण केलं नाही तर बोटं अर्धवट वाकतात आणि तशीच राहतात. विणकराच्या उजव्या हातात धोट्याची दोरी असते. तिची लाकडी मूठ आवळून हिसडा दिला की आडवा धागा घेऊन धोटा या काठाकडून त्या काठाकडे पळतो. मूठ वळली नाही तर विणकर संपला.

डॉक्टरसाहेबांनी मला बजावलं होतं, "सिस्टर, पावसाळ्याच्या आत त्याची मूठ वळली तर वळली. नंतर माझ्या हातात काही नाही."

बाळाप्पाची बायको गंगाक्का मला टांग्यापर्यंत सोडायला यायची आणि दर वेळी एकच विचारायची.

"बाई, ह्यांची मूठ वळंल न्हवं?"

"त्यांनी व्यायाम केला तर वळेल."

"लोक आज भरवत्यात. पोरं मोठी हुईपतोर भरवतील व्हय?"

तिच्या कडेवर धाकटं असायचं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं आणि तिलाही. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की माझा आवाज चढतो. तो चढवून मी मंडळाच्या सभेला गेले.

सभा मारुतीच्या देवळात भरायची. विठ्ठल अण्णा अध्यक्ष. पांढरंशुभ्र धोतर, मोठं पोट, त्याहून मोठा आवाज, आणि मन खरोखरच मोठं.

"अण्णा, बाळाप्पाला भरवणं बंद करा," मी म्हणाले. "त्याला त्याच्या हातानं जेवू द्या."

"म्हंजे? उपाशी ठिवायचा व्हय त्येला?"

"उपाशी नाही. ताट समोर ठेवा आणि उठून या."

"बाई, ताट ठिवून उठून येत्यात ते कुत्र्यापुढनं."

सभेनं माना हलवल्या. माझ्या विनंतीचा सहानुभूतीनं विचार झाला आणि ठराव झाला की उद्यापासून भरवायला एकीऐवजी दोघी जातील.

मग मी दुसरा उपाय काढला. गंगाक्काला सांगितलं, रोज कणकेचा गोळा त्यांच्या उजव्या हातात द्यायचा. दाबत बसू देत. याहून चांगला व्यायाम नाही. पुढच्या खेपेला गेले तर बाळाप्पा लोडाला टेकलेला आणि काशाक्का परातीत कणीक मळतायत.

"गडीमानसानं कणीक मळायची? गल्ली काय म्हनंल, बाई?"

"औषध आहे ते."

"औषध हाय तर मी मळते की. त्येला कशाला तरास?"

बाळाप्पा माझ्याकडे बघून भाबडेपणानं हसला. माणूस भला होता. मला त्या गल्लीतल्या एकूण भलेपणाचाच वैताग आला होता.

एके दिवशी मी त्याचा हात पाण्यात बुडवून बसले होते. मी "मिटा" म्हणत होते, तो "आई गं" म्हणत होता. आतल्या खोलीत माग चालला होता. बाळाप्पानं भाजायच्या आधी लावलेलं लुगडं अजून मागावरच होतं, आणि त्या दिवशी ते पुढं विणायची पाळी समोरच्या घरातल्या सोमाप्पाची होती. एकाएकी बाळाप्पाचं "आई गं" थांबलं. तो कान देऊन ऐकत होता.

"ठोका हलका पडतोय," तो म्हणाला.

धोट्यानं आडवा धागा टाकला की फणी ओढून तो घट्ट बसवायचा, त्याला ठोका म्हणतात. एकेका विणकराचा ठोका एकेक प्रकारचा. कुणाचा जड, त्याचं कापड दाट. कुणाचा हलका, त्याचं विरळ. म्हणून एक लुगडं एकाच हातानं विणायचं असतं. हे गल्लीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या घरी फुकट राबायला आलेल्या माणसाला तुझा हात बरोबर नाही असं कोण म्हणणार? शिवाय, आपला हात बरोबर आहे याबद्दल तिथं कुणालाच शंका नव्हती.

"काल आलता त्येनं जड मारलाय, ह्यो हलका मारतोय," बाळाप्पा कळवळला. "लुगडं हाय का गोधडी?" आणि बसल्या जागेवरून ओरडला, "सोमाप्पा, जड मार रं!"

आतला ठोका जड झाला. बाळाप्पा परत लोडाला टेकला आणि परत "आई गं" म्हणायला लागला. पण माझं लक्ष पाण्याकडे होतं. ओरडताना त्याच्या बोटांनी एक हिसडा दिला होता, दोरी ओढतात तसा. पुरती मूठ नव्हे. पण तेवढीसुद्धा मला इतक्या आठवड्यांत मिळाली नव्हती.

मी तशीच देवळात गेले. सभा भरलेलीच होती.

"अण्णा, मला तुमच्यातला सगळ्यात वाईट विणकर पाहिजे."

मी निपाणीची. आमच्या घरात आडवळणानं बोलायची रीत नव्हती. पण हे जरा जास्तच सरळ झालं असावं. मग अण्णा म्हणाले, "आमच्या गल्लीत वाईट इणकर न्हाय. शहापुरी लुगडं लोक लांबलांबनं न्यायला येत्यात."

"तरी पण, त्यातल्या त्यात."

त्यातल्या त्यात म्हटल्यावर प्रत्येकजण शेजारच्याकडे बघायला लागला. कुणीतरी कुणाच्या तरी वडिलांच्या विणकामाचा विषय काढला. दोघं भाऊ उठून उभे राहिले. सभा संपली.

मी टांग्याकडे निघाले तर मागून सोमाप्पा आला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "बाई, माझं नाव घिऊ नगा. पर त्यातल्या त्यात म्हंजे आपलं अण्णाच." तो गेला तेवढ्यात दुसरा आला. त्यानंही त्याचं नाव न घ्यायच्या अटीवर अण्णांचंच नाव सांगितलं. टांगेवाला विणकर नव्हता, पण त्यालाही माहिती होती. अध्यक्ष झाल्यापासून अण्णांनी मागाला हात लावला नव्हता. "आनि लावत हुते तवा," तो म्हणाला, "त्येंच्या लुगड्यातनं पीठ चाळून घ्यावं, बाई."

मी टांग्यातून उतरले आणि परत देवळात गेले. अण्णा एकटेच बसले होते, सभा मोडली म्हणून जरा खट्टू.

"अण्णा, बाळाप्पाच्या मागावर कुणीतरी मानाचा माणूस बसला पाहिजे. पेशंटला उभारी येते."

अण्णा तिथल्या तिथं खुलले. "म्हंजे मीच की," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अण्णा फेटा बांधून आले. अध्यक्ष मागावर बसणार म्हणून निम्मी गल्ली दारात. हातमागाला जमिनीत खड्डा असतो. काठावर बसून पाय खड्ड्यात सोडायचे असतात. अण्णांचे पाय गेले. पोट जाईना. समोर कापड गुंडाळायचं लाकूड आणि मागं खड्ड्याची कड, यांच्यामध्ये अण्णा अडकले. सोमाप्पानं खांदे दाबले, अण्णांनी श्वास आत घेतला आणि कसेबसे बसले.

माग चालू झाला. एक ठोका जड, दोन हलके, आणि एक द्यायचाच विसरले, कारण मध्ये बोलत होते. धागा तुटला. "लढाईपायी सूत लई नासलंय," अण्णा म्हणाले. परत एक ठोका, परत धागा.

बाळाप्पा लोडावरून उठून आतल्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. आणि हे मात्र माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सोमाप्पाला जड मार रं म्हणता येत होतं. अण्णांना कसं म्हणणार? वडीलधारा माणूस, मंडळाचा अध्यक्ष, फेटा बांधून मदतीला आलेला. त्यांचा हात थांबवायला सभ्य वाट एकच उरली होती.

"अण्णा, तुमी दमला आसशीला," बाळाप्पा म्हणाला. "मी बसतो वाईच."

"दमतोय कशाला रं? आत्ता तर हात बसाय लागलाय."

ठक. फट. ठक. बाळाप्पानं डोळे मिटून घेतले.

तिथं सगळ्यात आधी उमज पडली ती गंगाक्काला. ती कपबशी घेऊनच आली. "अण्णा, च्या निवतोय."

चहासाठी अण्णांना वर ओढून काढलं. ते धड उभे राहायच्या आत बाळाप्पा त्यांच्या जागेवर बसला होता.

त्यानं दोरीची मूठ धरली, पण ती सडपातळ लाकडी मूठ त्याच्या अर्धवट मिटलेल्या बोटांतून सुटून गेली. मी पिशवीतून बँडेजची पट्टी काढली आणि त्या मुठीला गुंडाळत गेले, ती त्याच्या बोटांना पुरेल इतकी जाड होईपर्यंत. मग म्हटलं, "आता ओढा."

त्यानं ओढली. डोळ्यांतून पाणी आलं. धोटा निम्म्यात जाऊन थांबला.

"दुकतंय की त्येला," काशाक्का दारातून म्हणाल्या. "उठवा बाई."

"व्हय, ऊठ रं," अण्णा बशी तोंडाजवळ धरून म्हणाले. "मी हाय की."

ते शब्द ऐकले आणि बाळाप्पानं दात आवळून हिसडा दिला. धोटा पार पलीकडे गेला. डाव्या हातानं त्यानं फणी ओढली आणि ठोका पडला. तो ठोका गल्लीच्या ओळखीचा असावा, कारण दारातले लोक एकदम पुढं सरकले. गंगाक्का तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. मला रडू आवरेना म्हणून मी पिशवी उगीच आवरत बसले.

त्यानंतर अण्णा रोज येत. "बस झालं आजचं, ऊठ, मी बसतो," असं म्हणत ते फेटा सारखा करायला लागले की बाळाप्पा आणखी थोडा वेळ ओढायचा. मी एवढी वर्षं पेशंटच्या मागे लागले, पण त्या एका वाक्याइतका जोर माझ्या कुठल्याच बोलण्याला आला नाही. मी जाईन तेव्हा मुठीवरच्या पट्टीचा एखादा वेढा काढून टाकायची. पावसाळ्याच्या तोंडाला नुसतं लाकूड उरलं आणि ते त्याच्या मुठीत बसत होतं. करंगळी तेवढी वाकडी राहिली. तिच्यावाचून अडलं नाही. तो आपल्या हातानं जेवायला लागला आणि काशाक्का बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

लुगडं पुरं झालं. व्यापाऱ्यानं ते उलगडलं, उजेडात धरलं, हसला आणि घडी करून परत दिलं. मग गंगाक्काच ते नेसली. मंडळाच्या सभेला ती ते नेसून आली तेव्हा अण्णांनी चष्मा लावून बघितलं.

"माझं कुटं हाय गं ह्यात?"

"आत निऱ्यांत हाय अण्णा," गंगाक्का म्हणाली. "जपून ठिवलंय."

अण्णा तृप्त झाले.

भाजलेल्या माणसाला भरवायला माणसं पुष्कळ मिळतात, हे मी त्या गल्लीत शिकले. त्याला उठवायला मात्र असा माणूस लागतो, ज्याचं काम बघवत नाही आणि ज्याला तसं तोंडावर सांगताही येत नाही. असा एक जरी मिळाला तरी भागतं. अण्णा पुढं कितीतरी वर्षं भेटेल त्याला सांगत होते की बाळाप्पाचा हात डॉक्टरनं नव्हे, त्यांनी स्वतः मागावर बसून बरा केला. गल्ली तोंड फिरवून हसायची. मी त्या केसवरची नर्स म्हणून सांगते, अण्णा बोलत होते त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.