अण्णांचा प्रश्न

अण्णांनी दोनदा गॅस उघडा ठेवला, तेव्हापासून मी त्यांच्यासाठी केंद्र शोधत होते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ठेवून घेणारं हे पाचवं. आता मी पुरती वैतागले होते. सगळीकडे तीच चकाचक फरशी, तेच पाठ केलेलं बोलणं. इथल्या व्यवस्थापिकाबाई तर माझ्या वडिलांशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होत्या. "आजोबा, आवडलं ना आमचं घर?"

अण्णा समोरच्या हॉलकडे बघत होते. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर दहा-बारा म्हातारी माणसं नुसती बसली होती. टीव्ही चालू होता, पण त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"ही मंडळी दिवसभर काय करतात?" अण्णांनी विचारलं.

"आराम करतात, आजोबा."

"कशानंतर?"

बाई नुसत्या हसल्या. मी वहीत पानभर प्रश्न लिहून आणले होते. डॉक्टर, कॅमेरे, पथ्य, सगळं होतं, फक्त हा प्रश्न नव्हता. सकाळी माझं नावही न आठवलेल्या माणसाला तो सुचला. मला स्वतःचाच राग आला.

"चला अण्णा," मी म्हणाले.

"घरी जायचं?"

"आज तरी."

त्यांना तेवढं पुरलं. मला मात्र सहाव्या केंद्राला फोन करायचा होता.