तोटीचा बाक
आज घरचा नळ बदलताना हाताला पितळेचा वास लागला आणि वसईतला तो नळ बनवणाऱ्यांचा गाळा आठवला. डिझाइनचं सॉफ्टवेअर विकायला गेलेल्या मी मालकांना विमानाचं चकचकीत इंजिन फिरवून दाखवलं. त्यांनी जांभई दाबली. मी लॅपटॉप आवरतोय तोच दुसऱ्या कंपनीचा विक्रेता आला. त्याने मालकांचीच एक तोटी उचलून मोजली, स्क्रीनवर काढली, तिचा बाकही बदलून दाखवला. मालक खुर्ची ओढून त्याला खेटून बसले. मला ते बघवेना. आठवड्याने त्यांचा फोन आला, "सर, सॉफ्टवेअर तुमचंच घेतो, स्वस्त पडतंय. पण शिकवायला तो येईल का हो?" ऑर्डर माझी झाली, ऑफिसात पेढे मीच वाटले. आजच्या नव्या तोटीचा बाक सुरेख आहे. तो कोणी काढला, हे मला अजिबात जाणून घ्यायचं नाही.